याच्या नशिबात गणित नाही, असं ठरवणाऱ्या शिक्षकांना

प्रिय शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

काही वर्षांपूर्वी एका पालकसभेत मी एका आईला म्हणाले, "तुमच्या मुलीचा गणिताकडे कलच नाही. उगाच तिच्या मागे लागू नका." आपण फार समजूतदारपणे बोललो, असं मला वाटलं होतं. त्याच्या दहा मिनिटं आधी एका वडिलांनी "बाई, याच्या नशिबात विद्याच नाही, तुम्ही तरी काय करणार" असं म्हटलं, तेव्हा मात्र मी त्यांना चांगलंच ऐकवलं होतं. नशीब वगैरे सगळं झूट, मुलाला असं लेबल लावू नका, प्रयत्न करून घ्या वगैरे वगैरे. ही आई रांगेत मागेच उभी होती. तिनं ते सगळं ऐकलं होतं. माझ्या टेबलावरच्या गुणतक्त्याकडे ती जरा वेळ बघत राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "म्हणजे आम्ही नशीब म्हणतो, त्याला तुम्ही कल म्हणता."

टोमणा मारला असता तर मी विसरून गेले असते. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, म्हणून ते वाक्य लागलं. तिच्या मुलीबद्दल माझ्याकडे पुरावा तरी काय होता? तीन चाचण्यांचे गुण, आणि ती वर्गात मान खाली घालून बसते, एवढंच. कुंडली मांडणाऱ्याकडे निदान जन्मवेळ तरी असते.

पालक कसे दैववादी असतात हे सांगणारी भाषणं आपण शिक्षकांच्या खोलीत रोजच करतो, त्यात भर घालायला हे पत्र नाही. मुलं नशिबाची भाषा घरून घेऊन येतात, हे खरं आहे. पण ती भाषा पक्की होते शाळेत, आपल्या हातून, आणि बहुतेक वेळा उत्तरपत्रिका परत देण्याच्या त्या दहा मिनिटांत. मला बोलायचंय ते या दहा मिनिटांबद्दल.

ती दहा मिनिटं कशी असतात ते तुम्हाला माहीतच आहे. आपण नावं पुकारतो, मुलं उठून येतात, कागद घेतात. ज्याला चांगले गुण असतात तो कागद उघडाच घेऊन जागेवर जातो. ज्याला कमी असतात तो वरचा कोपरा दुमडतो. माझ्या वर्गातला एक मुलगा तो कोपरा इतका नेटका दुमडायचा की हे त्याचं नेहमीचं काम झालंय हे कळत होतं. एकदा मधल्या सुट्टीत त्याला थांबवलं. पंचवीसपैकी नऊ. "काय झालं रे?" तो म्हणाला, "बाई, माझं लकच खराब आहे. जे केलं नव्हतं तेच आलं."

एरवी मी "लक नाही, अभ्यास खराब आहे" असं म्हणून त्याला पिटाळलं असतं. त्या दिवशी का कोण जाणे, कागद समोर ठेवला आणि म्हटलं, चल, सोळा गुण गेलेत ना? प्रत्येक गुण कुठे गेला ते शोधू. लकनं किती नेले ते तूच सांग.

पाच गुण कंसानं नेले होते. कंसाबाहेर उणे चिन्ह असलं की हा मुलगा आतल्या फक्त पहिल्या पदाचं चिन्ह बदलायचा. ८ − (३ − क) याचं त्यानं ८ − ३ − क केलं होतं. एका उदाहरणात नव्हे, तिन्हीमध्ये. तीन गुण गेले होते प्रश्न उतरवून घेताना ५६ चे ६५ झाल्यामुळे. पुढची सगळी आकडेमोड बिनचूक होती, फक्त ती दुसऱ्याच गणिताची होती. चार गुणांचा शेवटचा प्रश्न वेळ न पुरल्यामुळे कोरा होता, कारण पहिल्याच गणितात त्यानं पाऊण पान खोडून पुन्हा लिहिलं होतं. दोन गुण एकक न लिहिल्याचे. एक गुण असा होता, की जो भाग त्याला खरंच येत नव्हता. "जे केलं नव्हतं" ते एवढंच. आणि राहिलेला एक गुण? तो हिशेबात सापडेना. शेवटी दोघांनी मिळून पुन्हा बेरीज केली. चूक माझी निघाली. त्याला दहा गुण होते.

म्हणजे त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्या कागदावर खराब नशीब होतं, एका गुणाचं, आणि ते नशीब म्हणजे मी.

मग त्याच्या मागच्या दोन उत्तरपत्रिका मागवून घेतल्या. दोन्हींत तीच कंसाची चूक. मी दोन्ही वेळा तिथे लाल फुली मारली होती, बाजूला शून्य लिहिलं होतं, आणि खाली शेरा दिला होता: "अधिक मेहनत हवी." मेहनत कशावर करायची? फुलीवर? तीन चाचण्या हा मुलगा एकाच दगडाला ठेचकाळत होता आणि त्याला दगड दिसत नव्हता, फक्त ठेच कळत होती. ज्याला ठेच लागते पण दगड दिसत नाही, तो नशिबाला बोल लावणार नाही तर काय करणार?

आता जरा शब्दांकडे बघू. आपल्या भाषेत नशिबाला शब्दांची कमी नाही: लक, योग, दैव, नशीब, प्राक्तन, कपाळ, भोग. आपण हे सगळे एकाच टोपलीत टाकतो आणि "दैववाद" अशी चिठ्ठी लावतो. पण मुलं ते नेमकेपणानं वापरतात. "आज लक खराब होतं" म्हणणारा मुलगा उद्याचा दिवस मोकळा ठेवतो. लक फिरतं. "माझ्या नशिबातच नाही" म्हणणाऱ्यानं उद्याचाही निकाल लावून टाकलेला असतो. आणि "गणितातलं अपयश माझ्या पाचवीलाच पुजलंय" असं एखादी मुलगी हसत हसत म्हणते, तेव्हा तिनं शाळेत येण्याच्या कितीतरी आधीचा मुहूर्त सांगितलेला असतो.

बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात हाच फरक पद्धतशीरपणे मांडला. यशापयशाची माणसं जी कारणं देतात, ती त्यानं मुख्यतः चार घरांत बसवली: कुवत, प्रयत्न, काम किती अवघड होतं, आणि लक. मग प्रत्येक कारणाबद्दल विचारलं: हे माझ्या आतलं की बाहेरचं, टिकून राहणारं की बदलणारं, माझ्या हातातलं की नाही? मुलाच्या पुढच्या प्रयत्नावर सगळ्यात जास्त परिणाम होतो तो टिकून राहणाऱ्या कारणाचा. त्या हिशेबानं "लक" फारसं धोक्याचं नाही, ते बदलतं. घात करतं ते न बदलणारं आणि हाताबाहेरचं कारण. आपलं "नशीब" त्या घरात बसतं. आणि त्याच घरात, त्याच्या मांडीला मांडी लावून, आणखी एक शब्द बसतो: "डोकं". "त्याला डोकंच नाही." "ती मुळातच हुशार." "गणित रक्तात असावं लागतं." ही वाक्यं आपली आहेत, पालकांची नव्हेत. आपण दैवाची जागा कवटीच्या आत हलवली, एवढंच.

आता कोणी म्हणेल, मुलं काय म्हणतात यानं गुणांत खरंच फरक पडतो का? १९६६ साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी झाली. शाळांना मिळणाऱ्या सोयींमुळे निकालात किती फरक पडतो, हे सरकारला हवं होतं. त्या प्रश्नावलीत तीन साधी विधानं होती. यशासाठी कष्टांपेक्षा नशीब महत्त्वाचं. मी पुढे जायला गेलो की कोणी ना कोणी, काही ना काही आडवं येतं. माझ्यासारख्यांना आयुष्यात फारशी संधी नसते. सहमत की असहमत, एवढंच सांगायचं. अहवालात नोंद झाली ती अशी, की या उत्तरांचा मुलांच्या गुणांशी असलेला संबंध शाळेच्या सगळ्या सोयीसुविधांच्या एकत्रित संबंधापेक्षा जास्त दिसतो, विशेषतः वंचित गटांतल्या मुलांमध्ये. इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय एका पारड्यात आणि "माझ्या हातात काही आहे का" हा एक प्रश्न दुसऱ्या पारड्यात.

(योगायोग म्हणा हवं तर: "आपल्या आयुष्याची दोरी आपल्या हातात आहे की बाहेर" हे मोजणारी मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली तीही १९६६ मध्येच. त्या वर्षाकडे मला या पत्रात पुन्हा एकदा यावं लागणार आहे.)

पण हा आकडा हातात घेऊन पालकसभेत उभं राहण्याआधी थांबा, कारण बाणाचं टोक कुठल्या बाजूला आहे हे त्या पाहणीवरून सांगता येत नाही. नशिबावर विश्वास आहे म्हणून गुण कमी पडतात, की गुण कमी पडत राहिल्यामुळे मूल नशिबाकडे वळतं? माझ्या त्या कोपरा दुमडणाऱ्या मुलाकडे बघून मला दुसरं जास्त खरं वाटतं. आणि "मी पुढे जायला गेलो की कोणीतरी आडवं येतं" म्हणणारं मूल पुष्कळदा डोळ्यांसमोर दिसतं तेच सांगत असतं. ज्याच्या आईवडिलांनी जन्मभर राबूनही काही हाती लागलेलं नाही, त्याला "सगळं तुझ्याच हातात आहे" असं सांगणं म्हणजे नापास होण्याचा दोष आणि गरीब असण्याचा दोष, दोन्ही त्याच्याच गळ्यात मारणं. प्रयत्नवादाचीसुद्धा एक क्रूर आवृत्ती असते, आणि ती भाषणांत फार शोभून दिसते.

मुलं हार कशी मानतात, याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग कुत्र्यांवर झाला होता. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले, की काहीही केलं तरी ते टळणार नाहीत. नंतर सहज उडी मारून सुटता येईल अशा जागी ठेवल्यावरही त्यातली बरीच कुत्री पडून राहिली. "शिकलेली असहायता" हे नाव तिथून आलं. पण मला महत्त्वाची वाटते ती या गोष्टीची पुढची जवळपास पन्नास वर्षं. २०१६ मध्ये त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलंच म्हणणं उलटं केलं. दीर्घकाळ त्रास झाला की गप्प पडून राहणं, ही शिकावी लागणारी गोष्ट नाही. तो शरीराचा मूळ स्वभाव आहे. शिकावं लागतं ते दुसरंच: आपण केलेल्या कशामुळे तरी त्रास थांबतो, हे. म्हणजे आपण इतकी वर्षं मुलांच्या डोक्यातून दैववाद काढायला बघतोय, आणि काढण्यासारखं तिथे काही नाहीच. घालायचं होतं ते घातलं गेलेलं नाही.

ते कसं घालायचं, याची एक छोटी चाचणी मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी १९७५ मध्ये केली होती. अपयश आलं की पार ढेपाळणारी फक्त बारा मुलं. निम्म्यांना सोपी गणितं देऊन यशच यश दिलं. आत्मविश्वास वाढेल, मग सगळं नीट होईल, या विचारानं आपणही हेच करतो. बाकीच्यांना मधूनमधून मुद्दाम अपयश येऊ दिलं, आणि तिथल्या तिथे सांगितलं की प्रयत्न कमी पडला. नंतर दोन्ही गटांना अवघड गणितं दिली. नुसतं यश मिळालेली मुलं पुन्हा कोसळली. दुसरी टिकली. बारा मुलांवरून जगाचा कायदा मांडता येत नाही हे मान्य. पण अपयश लपवल्यानं अपयशाची भीती जात नाही, हे वर्गात उभं राहणाऱ्या कोणाला पटणार नाही?

आता जरा उलट बाजू. दैवावरच्या विश्वासानं मुलं पुढे जातात, असंही झालंय.

चिनी परंपरेत बारा वर्षांचं चक्र असतं आणि त्यातलं ड्रॅगनचं वर्ष सगळ्यात भाग्याचं मानतात. १९७६, १९८८, २०००, २०१२, २०२४ ही ती वर्षं. २०१७ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी चीनमधल्या ड्रॅगन-वर्षात जन्मलेल्या मुलांचा शाळेतला प्रवास तपासला. ती मुलं परीक्षांत खरोखर सरस होती आणि कॉलेजपर्यंत पोहोचण्याचं त्यांचं प्रमाणही जास्त होतं. घरची श्रीमंती किंवा आईवडिलांचं शिक्षण यावरून ते उलगडेना. मुलांचा स्वतःबद्दलचा आत्मविश्वासही काही वेगळा नव्हता. फरक सापडला आईवडिलांत. आपलं मूल भाग्यवान आहे असं मानणाऱ्या आईवडिलांच्या अपेक्षा जास्त होत्या, ते त्या मुलावर वेळ आणि पैसा जास्त घालत होते. भविष्य खरं ठरलं, कारण घरच्यांनी ते खरं करायला घेतलं.

आणि आता १९६६ कडे परत. जपानमध्ये साठ वर्षांतून एकदा "आगीच्या घोड्याचं" वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेल्या मुली तापट आणि नवऱ्याला जड जाणाऱ्या निघतात, अशी समजूत. १९६६ हे ते वर्ष होतं, आणि त्या वर्षी तिथले जन्म आदल्या वर्षापेक्षा सुमारे चतुर्थांशानं घटले. आधुनिक, शिकलेला, कारखाने उभारणारा देश. बरं, हाच जपान आणि हाच चिनी समाज "बुद्धीपेक्षा कष्ट मोठे" या विचारासाठीही ओळखला जातो. हॅरल्ड स्टीव्हनसन आणि जेम्स स्टिगलर या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या तुलनेत जपान आणि तैवानमधल्या आया मुलांच्या यशाचं श्रेय अमेरिकन आयांपेक्षा कष्टांना जास्त देत होत्या. म्हणजे एकाच घरात ग्रहगोलही नांदतात आणि कष्टही. आपल्याही भाषेत "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" आणि "प्रयत्नांती परमेश्वर" या म्हणी एकाच तोंडात असतात. कुठली कधी बाहेर काढायची हे प्रसंग ठरवतो. त्यामुळे "त्यांची संस्कृतीच दैववादी" हे वाक्य मला आळशी वाटतं. संस्कृती दोन्ही म्हणी देते. पेपर हातात पडल्यावर मुलाच्या ओठांवर कुठली येते, ते बरंचसं आपल्यावर आहे.

जन्मतारखेवरून आणखी एक. जन्मतारखेचा शाळेतल्या यशावर परिणाम होतो, हे वाक्य ऐकून आपण हसतो. पण तो होतो. बेडार्ड आणि ड्यूई या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये अनेक देशांतल्या मुलांचे गुण तपासले. चौथीच्या सुमारास वर्गातली वयानं सगळ्यात लहान मुलं सगळ्यात मोठ्या मुलांपेक्षा ४ ते १२ शतमक (म्हणजे शंभर मुलांच्या गुणवार रांगेत तितक्या जागा) मागे होती, आणि आठवीतही ते अंतर २ ते ९ इतकं उरलेलं होतं. ग्रहांचा काही संबंध नाही. प्रवेशाची जी तारीख ठरवली जाते, तिच्या एका बाजूला जन्मलेलं मूल वर्गात थोरलं ठरतं आणि दुसऱ्या बाजूचं धाकटं. सहा-सात वर्षांच्या वयात दहा-अकरा महिने म्हणजे केवढं अंतर! आपण थोरल्याला "चुणचुणीत" म्हणतो, धाकट्याला "जरा मंद". त्याच्या पत्रिकेतला हा दोष एका कार्यालयातल्या परिपत्रकानं घातलेला असतो आणि त्यावर शिक्का आपण मारतो. तुमच्या वर्गात "मागे पडणाऱ्या" मुलांच्या जन्मतारखा एकदा हजेरीपटावर बघाच. मी बघितल्या होत्या आणि मग बराच वेळ हजेरीपट बंद केला नाही.

लकी पेनचा विषयही काढतेच, कारण परीक्षेच्या दिवसांत त्यावरून आपण मुलांची हमखास थट्टा करतो. २०१० मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगात "हा लकी चेंडू आहे" असं सांगितल्यावर लोकांनी गोल्फचे चेंडू जास्त वेळा भोकात घातले, आणि ती बातमी जगभर फिरली. २०१४ मध्ये जास्त लोकांवर तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा असं काही आढळलं नाही. पेन ना तारतं ना मारतं. असू द्या खिशात.

आता आपल्या भिंतींवरची पोस्टरं. "ग्रोथ माइंडसेट" हा शब्द आता प्रत्येक प्रशिक्षणात येतो. बुद्धी वाढवता येते असं मुलांना सांगा आणि बघा, असं आपल्याला शिकवलं जातं. मी सांगितलं आणि बघितलं. फार काही घडलं नाही. नंतर वाचनात आलं ते असं, की २०१८ मध्ये आधीच्या अशा पुष्कळ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम अगदी किरकोळ निघाला. २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या बारा हजारांच्या आसपास मुलांवर नीट आखलेला प्रयोग झाला. तासाभराहून कमी वेळाचं ऑनलाइन सत्र. त्यात मागे पडलेल्या मुलांची श्रेणी चार गुणांच्या मापावर ०.१० नं वाढली. काहीच नाही असं नाही, पण चमत्कारही नाही. आणि मग २०२२ मध्ये त्याच आकड्यांतून आपल्याबद्दलची गोष्ट बाहेर आली: ज्या गणिताच्या शिक्षकांना स्वतःलाच बुद्धी वाढते असं वाटत होतं, त्यांच्या वर्गात फायदा टिकला. बाकीच्यांच्या वर्गात तो दिसलाच नाही. मूल शिकून आलं की बदल शक्य आहे, आणि समोरच्या शिक्षकाच्या वागण्यात त्याला वेगळंच वाचायला मिळालं.

मोठ्या मुलांचंही तेच. १५० प्राध्यापक आणि १५ हजारांहून अधिक विद्यार्थी यांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. विज्ञान आणि गणिताचे जे प्राध्यापक कुवत जन्मजात मानत होते, त्यांच्या वर्गांत वंचित वांशिक गटांतल्या आणि इतर विद्यार्थ्यांमधली गुणांची दरी बाकीच्यांच्या वर्गांपेक्षा दुपटीपर्यंत मोठी होती. प्राध्यापकांच्या वयानं, अनुभवानं किंवा स्वतःच्या वंशानं तो फरक उलगडत नव्हता.

हे सगळं वाचून कोणी पालकांना नशिबाविरुद्ध धडे द्यायला निघणार असेल, तर कृपा करून निघू नका. नशीब हा शब्द घरात एक फार मोलाचं काम करतो, ते आपल्याला दिसत नाही. निकालाच्या रात्री एखाद्या घरात आजी म्हणते, "जाऊ दे बाळा, नव्हतं नशिबात," आणि मूल जेवतं. झोपतं. ज्या घरात "सगळं तुझ्याच हातात होतं, तूच घालवलंस" असं म्हणतात, तिथली रात्र कशी जाते, हे आपल्यापैकी ज्यांनी पाहिलंय ते बोलून दाखवत नाहीत. झालेल्या गोष्टीसाठी नशीब आणि होणाऱ्या गोष्टीसाठी प्रयत्न, अशी वाटणी जुनी माणसं फार सहज करायची. गोंधळ होतो तो शब्दाचा काळ चुकला की. "नव्हतं नशिबात" यात सांत्वन आहे. "नाही नशिबात" यात निकाल आहे. एका "व्हतं"चा फरक. आणि आपण प्रगतिपुस्तकात शेरे लिहितो ते नेहमी वर्तमानकाळात: गणितात कच्चा आहे. लक्ष नसते. आकलन कमी आहे.

माझं मागणं फार नाही. शेरा भूतकाळात लिहा आणि त्यात एक वस्तू असू द्या. "आकलन कमी आहे" च्या जागी "या चाचणीत कंसाबाहेरचं उणे तीनदा चुकलं." चाळीस-पन्नास उत्तरपत्रिकांवर असं लिहायला वेळ कुठे आहे, हे तुम्ही म्हणणार आणि तुमचं खरं आहे. मलाही सगळ्यांसाठी जमत नाही. मी एक पळवाट काढली आहे: पेपर परत देते त्या तासाला नवं काही शिकवत नाही. मुलंच आपापले गेलेले गुण कुठे गेले त्याचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडतात. माहीत नव्हतं, माहीत होतं पण घसरलं, वेळ संपला, बाईंची चूक. हा शेवटचा रकाना ठेवाच. आपलीही बेरीज चुकते हे दिसलं की मुलं बाकीचे रकाने जास्त प्रामाणिकपणे भरतात, असा माझा अनुभव आहे. अभ्यासक्रम एक तास मागे पडतो. वरिष्ठांनी एकदा विचारलंही होतं की हा तास कशात धरायचा. मी म्हटलं, गणितात.

ज्या मुलीचा "कल नव्हता" तिच्याबद्दल सांगण्यासारखी सुखान्त गोष्ट माझ्याकडे नाही. मी तिच्या आईला ते वाक्य बोलले, आणि पुढच्या वर्षी ती माझ्या वर्गात नव्हती. तिच्या तीन उत्तरपत्रिकांत कुठला दगड होता, तो मी कधी शोधलाच नाही.

मुलाचं मात्र सांगते. त्यानंतरच्या चाचणीत त्याला पंचवीसपैकी चौदा पडले. कंसाचं एक उदाहरण बरोबर होतं, एक पुन्हा चुकलं होतं, आणि एका ठिकाणी आधी चुकीचं लिहून नंतर खोडून त्यानं वर छोटंसं अधिक चिन्ह काढलं होतं. कागद घेताना कोपरा दुमडला नाही. सवयीनं बोट तिकडे गेलं होतं, ते मी पाहिलं. मधल्या सुट्टीत स्वतःहून टेबलापाशी आला. म्हटलं, "काय रे, या वेळी कसं काय?"

"बाई, या वेळी लक बरं होतं," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "आणि कंस पण बघून सोडवले."

त्या "आणि"वर मी त्या दिवशी समाधान मानलं. मग त्यानं विचारलं की चुकलेला कंस आत्ता सोडवून दाखवू का, आणि खडू उचलला.

तुमच्यातलीच,
एक गणिताची शिक्षिका